देब्यूसीचं संगीत, दुसऱ्याचा वाद्यवृंद

क्लोद देब्यूसी या फ्रेंच संगीतकाराचं नाव काढलं की बहुतेकांना पियानोवरचं 'क्लेर द ल्यून' आठवतं. थोडं जास्त ऐकणाऱ्यांना समुद्रावरचं 'ला मेर' आठवतं. पण त्याच्या वाद्यवृंदासाठीच्या सगळ्या संगीताचा एखादा मोठा संच घेतला आणि मागची यादी नीट वाचली, तर बऱ्याच रचनांपुढे दोन नावं दिसतात. 'पेतीत स्वीट' देब्यूसीची, वाद्यवृंद आंरी ब्यूसेरचा. 'चिल्ड्रन्स कॉर्नर' देब्यूसीचं, वाद्यवृंद आंद्रे काप्लेचा. 'खामा'पुढे शार्ल केक्लँ, सॅक्सोफोनच्या रॅप्सडीपुढे रोजे-द्युकास, 'सराबांद'पुढे तर साक्षात मोरिस राव्हेल. मग यातलं नेमकं कुणाचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न अगदीच परका नाही. जुन्या मराठी ध्वनिफितींच्या वेष्टनावर 'संगीत संयोजन : अनिल मोहिले' अशी ओळ असायची. हिंदी चित्रपटसंगीतात चाल शंकर-जयकिशनची असली, तरी व्हायोलिनचा ताफा कुठे उठेल, चेलो कुठे आत येईल, हे कागदावर उतरवायचं काम सॅबेस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या संयोजकाचं असे. फरक इतकाच, की तिथे चाल बांधणारा आणि संयोजक एकाच खोलीत बसून काम करत. देब्यूसीच्या बाबतीत कधी संगीतकार शेजारी बसलेला होता, कधी आजारी होता, आणि बऱ्याचदा तो या जगातच नव्हता.

आधी हे काम असतं तरी काय, ते पाहू. अनेकांची समजूत अशी असते की पियानोवरचे सूर जसेच्या तसे उचलायचे आणि वाद्यांना वाटून टाकायचे. उजव्या हाताचं व्हायोलिनला, डाव्या हाताचं चेलोला, की झालं. असं वाटप करता येतं, पण ऐकताना ते सपाट वाटतं. पियानो आणि वाद्यवृंद यांच्यात आवाज जन्मण्याची आणि मरण्याची रीतच वेगळी आहे.

पियानोची पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आदळते. आवाज त्या क्षणी सर्वांत मोठा असतो आणि तिथून तो फक्त ओसरत जातो. वाजवणारा काहीही करो, एकदा वाजलेला सूर त्याला फुगवता येत नाही. उजव्या पायाखालचं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरची दाबणी उचलली जाते. मग वाजलेला सूर रेंगाळतो आणि न वाजवलेल्या ताराही त्याच्या जोडीने थोड्या थोड्या झंकारू लागतात. देब्यूसीचं निम्मं पियानोसंगीत या झंकारात राहतं. वाद्यवृंदाला असं पेडल नाही. तिथे प्रत्येक सूर कुणीतरी माणूस धरून ठेवतो, गजाने किंवा श्वासाने. तो किती वेळ धरायचा, कोणी धरायचा, कधी सोडायचा, हे सगळं संयोजकाला ठरवून लिहावं लागतं.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रेल्यूडच्या, म्हणजे पियानोच्या छोट्या स्वतंत्र तुकड्यांच्या, पहिल्या पुस्तकातला दहावा प्रेल्यूड आहे 'बुडालेलं कॅथेड्रल'. ब्रिटनी किनाऱ्यावरच्या 'ईस' नावाच्या शहराची दंतकथा त्यामागे आहे. समुद्रात बुडालेलं हे शहर पहाटेच्या धुक्यात वर येतं, घंटा वाजतात, आणि ते पुन्हा पाण्याखाली जातं. सुरुवातीला पियानोवर तळाशी आणि वर असे दोन लांब, अगदी हळू धरलेले सूरसमूह असतात आणि त्यांच्या मधून पोकळ पंचमांची एक ओळ वर चढत जाते. पेडल दाबलेलंच असतं. म्हणजे खालची घंटा अजून विरते आहे, तिच्यावर नवे सूर येत आहेत आणि त्यांचीही आस आधीच्या आसेत मिसळते आहे.

आता हे वाद्यवृंदात कसं आणणार? तळचा सूर चेलो आणि डबल बासना धरायला सांगितला तर तो अजिबात ओसरत नाही, एकसारखा वाजत राहतो. घंटा जाऊन ऑर्गन येतो. हार्पला दिला तर आघात अगदी घंटेसारखा मिळतो, पण आस फार लवकर संपते. म्हणून जाणता संयोजक एकच सूर दोघांत विभागतो. आघात हार्पकडे आणि बोटाने छेडलेल्या तारांकडे, आस मंद गजाच्या तंतुवाद्यांकडे; आणि त्या तंतुवाद्यांनाही आवाज हळूहळू उतरवत न्यायला सांगतो. पियानोवर जे पाय खाली ठेवल्याने आपोआप घडत होतं, ते इथे दहा-पंधरा माणसांच्या नेमक्या वेळेवर अवलंबून राहतं. ब्यूसेर, फिलाडेल्फियाचा कंडक्टर लिओपोल्ड स्टोकोव्स्की आणि आपल्या काळातला ब्रिटिश संगीतकार कॉलिन मॅथ्यूज, या तिघांनीही हा प्रेल्यूड वाद्यवृंदात आणला आहे. तिघांचं कॅथेड्रल वेगवेगळ्या पाण्यातून वर येतं.

या प्रेल्यूडमध्ये आणखी एक मेख आहे. देब्यूसीने स्वतः हा तुकडा वेल्टे-मिन्योन या यांत्रिक पियानोच्या कागदी रोलवर वाजवून ठेवला आहे. छापील स्वरलिपीत जिथे लय तीच राहते असं दिसतं, तिथे तो काही भाग जवळजवळ दुप्पट गतीने वाजवतो. पियानोवादक आज एक तर उद्या दुसरं वाजवून पाहू शकतो. संयोजकाला मात्र गती बदलायची की नाही, ते कागदावर एकदाच लिहावं लागतं. पियानोने मोकळे ठेवलेले प्रश्न वाद्यवृंदात बंद करावे लागतात, आणि माझ्या मते संयोजनातली खरी जोखीम याच ठिकाणी आहे.

देब्यूसी स्वतः वाद्यवृंदाचा इतका मोठा जाणकार, तर त्याने हे काम दुसऱ्यांवर का सोपवलं? याचं उत्तर बरंचसं पैशात आहे. १९०५ च्या सुमारास त्याचा घटस्फोट झाला, एमा बार्दाकबरोबर नवा संसार सुरू झाला, मुलगी झाली, पॅरिसच्या महागड्या भागात घर घेतलं. तेव्हापासून शेवटपर्यंत तो कर्जातून वर आला नाही. प्रकाशक जाक द्युराँ त्याला उचल देत असे आणि बदल्यात नवं संगीत मागत असे. पियानोची एखादी रचना लोकप्रिय झाली की तिची वाद्यवृंदाची आवृत्ती काढणं प्रकाशकाच्या फायद्याचं होतं, कारण मग ती मोठ्या सभागृहांतल्या कार्यक्रमांत शिरे. देब्यूसी तर एकेका ऑपेराच्या आराखड्यावर वर्षानुवर्षं रेंगाळणारा माणूस. त्यात पुढे कर्करोग जडला. मग विश्वासातल्या माणसाला काम देणं, वरून नजर ठेवणं आणि आपण नव्या रचनेकडे वळणं ही व्यवस्था सोयीची ठरली.

त्याला स्वतःला हे काम उत्तम जमत होतं याची साक्ष उलट दिशेने मिळते. त्याचा मित्र एरिक साती याने १८८८ मध्ये पियानोसाठी तीन 'जिम्नोपेदी' लिहिल्या. सातीला तेव्हा फारसं कोणी ओळखत नव्हतं. देब्यूसीने त्यातल्या तिसऱ्या आणि पहिल्या जिम्नोपेदीला वाद्यवृंद दिला आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या सोसिएते नासिओनालच्या कार्यक्रमात त्या वाजल्या. दुसरी त्याला वाद्यवृंदाजोगी वाटली नाही, म्हणून त्याने ती सोडून दिली. काय हाताळायचं नाही हे कळणं हाही या कलेचाच भाग. तंतुवाद्यं, थोडी फुंकवाद्यं, हार्प आणि हलकेच वाजणारी झांज, एवढ्यावर त्याने भागवलं. सातीची रिकामी जागा त्याने रिकामीच ठेवली.

आता ब्यूसेरकडे येऊ. हा तुलूझचा, १८७२ साली जन्मला आणि १०१ वर्षं जगला. देब्यूसीचा 'पेलेआस आणि मेलिसांद' हा ऑपेरा १९०२ मध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा तो त्या कामात होता आणि नंतर त्याने तो चालवलाही. म्हणजे देब्यूसीच्या वाद्यवृंदाची सवय त्याच्या कानाला होती. 'पेतीत स्वीट' ही मुळात चार हातांची रचना, एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून वाजवायची. १८८९ मध्ये एका खासगी मैफलीत ती स्वतः देब्यूसी आणि जाक द्युराँ यांनी वाजवली होती. ब्यूसेरने तिला वाद्यवृंद दिला १९०७ मध्ये.

तिचा पहिला भाग 'होडीतून'. पियानोवर खालचा वादक सुटे सूर खालून वर असे हेलकावत ठेवतो आणि वरचा वादक त्यावर एक सरळ, गोड चाल वाजवतो. ब्यूसेरने चाल फ्लूटला दिली आणि हेलकावे हार्पला. ऐकायला अगदी स्वाभाविक वाटतं, जणू दुसरं काही शक्यच नव्हतं. पण फ्लूट वाजवणाऱ्याला श्वास लागतो. पियानोवर ती चाल न थांबता पुढे सरकू शकते; इथे मध्येच एक बारीकशी फट पडते, श्वासाची, आणि ऐकणाऱ्याला चालीची वाक्यं वेगळी दिसू लागतात. ब्यूसेरने चालीचा एकही सूर बदललेला नाही, तरी ती आता कुणीतरी गातंय असं वाटतं. माझ्या कानाला ही रचना पियानोपेक्षा वाद्यवृंदातच जास्त खुलते, आणि देब्यूसीच्या बाबतीत असं मी फार थोड्या रचनांबद्दल म्हणेन.

ब्यूसेरचं दुसरं काम अधिक गुंतागुंतीचं. देब्यूसीने १८८४ मध्ये रोमचं मानाचं पारितोषिक जिंकलं, त्यामुळे त्याला रोमच्या व्हिला मेदिचीत राहून दरवर्षी पॅरिसच्या अकादमीला नवं काम पाठवावं लागे. १८८७ मध्ये त्याने 'प्रँताँ' म्हणजे 'वसंत' पाठवलं. त्यात शब्दांशिवाय गाणारा गायकवृंद होता. वाद्यवृंदाची प्रत बांधणीवाल्याकडे आगीत जळाली, असं त्याने कळवलं. अकादमीच्या अहवालात या रचनेच्या 'धूसर इम्प्रेशनिझम'पासून सावध राहायचा इशारा आहे. पुढे हाच शब्द देब्यूसीला कायमचा चिकटला. उरलेल्या पियानोच्या प्रतीवरून ब्यूसेरने १९१२ मध्ये, देब्यूसीच्या देखरेखीखाली, नवा वाद्यवृंद उभा केला. गायकवृंद काढून टाकला आणि वाद्यवृंदात चार हातांचा पियानो ठेवला. १९१३ मध्ये ती वाजली. म्हणजे आज आपण 'प्रँताँ' ऐकतो ते विशी ओलांडलेल्या देब्यूसीचे सूर, पन्नाशीतल्या देब्यूसीची देखरेख आणि ब्यूसेरची लेखणी असं तिहेरी प्रकरण आहे.

काप्ले मात्र वेगळ्याच पातळीवरचा. ल हाव्रचा हा तरुण १९०१ मध्ये रोमचं तेच पारितोषिक जिंकला, तेही राव्हेलला मागे टाकून. १९११ मध्ये देब्यूसीला 'सेंट सेबास्टियनचं हौतात्म्य' या प्रचंड नाटकाचं संगीत अतिशय थोड्या मुदतीत द्यायचं होतं. काप्ले मदतीला धावला, वाद्यवृंद लिहायला हात लावला आणि प्रयोगही त्यानेच चालवले. देब्यूसीच्या मनात वाद्यवृंदाबद्दल काय चाललं आहे ते काप्लेला पत्रांतून कळे. १९१२ मध्ये 'जो' या बॅलेचं संगीत लिहिताना देब्यूसीने त्यालाच लिहिलं, की या संगीताला पाय नसलेला वाद्यवृंद हवा. वागनरच्या 'पार्सिफाल'मध्ये रंग मागून उजळल्यासारखे दिसतात, तसा काहीसा. पाय नसलेला म्हणजे तळाशी जड आधार नसलेला, जमिनीला न टेकणारा. असं पत्र ज्याला येतं त्याला काम कसं करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

'चिल्ड्रन्स कॉर्नर' हे सहा छोटे तुकडे देब्यूसीने १९०८ मध्ये मुलगी शूशूला अर्पण केले, पुढे जे येणार आहे त्याबद्दल बापाने मायेने माफी मागून. शीर्षकं इंग्रजीत, कारण शूशूला सांभाळायला इंग्रज दाई होती. काप्लेची वाद्यवृंदाची आवृत्ती १९११ मध्ये छापून आली. त्यातलं 'जिंबोचं अंगाईगीत' हे शूशूच्या कापडी हत्तीसाठी आहे. पियानोवर ते डाव्या हाताच्या अगदी खालच्या पट्ट्यांवर एकट्याने, जरा अडखळत सुरू होतं. काप्ले ते तळाच्या तंतुवाद्यांना देतो. ही वाद्यं अशा नाजूक, एकट्या चालीसाठी बनलेली नाहीत. त्यांचा बोजडपणा आणि हळुवार वाजवायची त्यांची धडपड, दोन्ही मिळून हत्ती समोर उभा राहतो. 'छोटा मेंढपाळ'ची सोबतीशिवायची चाल ओबोकडे जाते. तीही बरोबर निवड, कारण मेंढपाळाचा पावा पाश्चात्त्य कानाला ओबोतच ऐकू येतो.

शूशूसाठीच १९१३ मध्ये देब्यूसीने 'खेळण्यांची पेटी' हा मुलांचा बॅले लिहिला. गोष्ट आणि चित्रं आंद्रे एल्ले या चित्रकाराची. पुठ्ठ्याचा शिपाई, बाहुली आणि पोलिशिनेल हा खट्याळ विदूषक यांची ही प्रेमकथा. देब्यूसीने द्युराँला लिहिलं होतं की शूशूच्या जुन्या बाहुल्यांकडून त्यांची गुपितं काढून घेतोय. संगीतात गूनोच्या 'फाउस्ट'मधल्या शिपायांच्या समूहगीताची आणि मेंडेलसनच्या लग्नाच्या मार्चची झलकही येऊन जाते.

याच बॅलेत एक हत्ती चालत जातो, आणि त्याच्या चालीखाली देब्यूसीने तळटीप दिली आहे : हे जुनं हिंदू गाणं असून आजही हत्तींना माणसाळवायला वापरतात, ते 'पहाटे पाचच्या' स्वरसप्तकात बांधलेलं आहे आणि त्याला पाच मात्रा असणं सक्तीचं आहे. ही अर्थातच गंमत आहे. पण रागांची वेळ लहानपणापासून कानावर पडलेल्या आपल्यासारख्या वाचकाला ही गंमत फ्रेंच माणसापेक्षा आधी कळते. आणि ती हवेतून आलेली नसावी. त्याच वर्षी, हा बॅले हातात घेण्यापूर्वी, देब्यूसीची पॅरिसमध्ये इनायत खाँ यांच्याशी भेट झाली होती. इनायत खाँ बडोद्याचे. गायकवाडांच्या दरबारातले थोर संगीतज्ञ मौलाबख्श हे त्यांचे आजोबा. भावांना घेऊन ते युरोप-अमेरिकेत रागसंगीताचे कार्यक्रम करत होते. देब्यूसीने आमच्या रागांमध्ये फार रस घेतला, असं त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. त्या हत्तीच्या चालीत आपला एखादा राग शोधायला जाऊ नये, तो तिथे नाही. पण सुराला घड्याळ असतं ही कल्पना त्या वर्षी देब्यूसीच्या कानावर गेली असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. मराठ्यांच्या राज्यातून निघालेल्या एका वीणावादकाची पावलं 'ला मेर'च्या कर्त्याच्या बैठकीत उमटली, याचं मला अप्रूप आहे.

देब्यूसीने या बॅलेचा वाद्यवृंद लिहायला घेतला, पण सुरुवातीच्या भागापुढे तो गेला नाही. महायुद्ध आलं, आजार वाढला, २५ मार्च १९१८ रोजी तो गेला. उरलेला वाद्यवृंद काप्लेने पूर्ण केला. 'खेळण्यांची पेटी' रंगमंचावर आली डिसेंबर १९१९ मध्ये. शूशू त्याच वर्षीच्या जुलैत, तेरा वर्षांची असताना, घटसर्पाने गेली होती. काप्लेने केलेलं काम मी जेव्हा ऐकतो तेव्हा त्याने कुठेही आवाज वाढवलेला नाही, हे मला सर्वांत मोठं वाटतं. तोही युद्धात विषारी वायूने पोळलेला होता. १९२५ मध्ये, पन्नाशी गाठायच्या आत, तो गेला.

केक्लँची हकिकत अगदी वेगळ्या स्वभावाची. मॉड ॲलन या कॅनडात जन्मलेल्या नर्तकीने देब्यूसीकडून इजिप्तच्या पार्श्वभूमीवरचा बॅले मागितला. शहराला वेढा पडला आहे आणि खामा ही नर्तकी आमोन-रा देवापुढे नाचून शहर वाचवते आणि प्राण सोडते, अशी गोष्ट. देब्यूसीने पैशाची निकड म्हणून काम घेतलं. नंतर बाईंनी मागण्या सुरू केल्या : वाद्यवृंद लहान करा, संगीत लांब करा. देब्यूसी खवळला. सुरुवातीची काही पानं त्याने स्वतः वाद्यवृंदासाठी लिहिली, आणि पुढचं काम आपल्या देखरेखीखाली केक्लँवर सोपवलं. केक्लँ यात मुरलेला होता. 'पेलेआस'च्याच गोष्टीवरच्या, गाब्रिएल फोरेच्या नाट्यसंगीताला १८९८ मध्ये त्यानेच वाद्यवृंद दिला होता. १९१३ मध्ये काम संपलं. पण देब्यूसीच्या हयातीत 'खामा' रंगमंचावर आलंच नाही, मैफलीत ते वाजलं १९२४ मध्ये. दूरवरून येणाऱ्या ट्रम्पेटच्या हाका, ज्यांनी अंगावर काटा येतो असं देब्यूसीनेच द्युराँला लिहिलं होतं, त्या ऐकण्यासाठी तरी 'खामा' ऐकावं. देब्यूसीची पानं कुठे संपतात आणि केक्लँची कुठे सुरू होतात, हे कानाने ओळखणं जवळपास अशक्य आहे. केक्लँला यापेक्षा मोठी दाद कोणती द्यावी?

सॅक्सोफोनच्या रॅप्सडीचं थोडक्यात. बॉस्टनच्या श्रीमंत एलिझ हॉल यांची ऐकू येण्याची शक्ती कमी होत होती; डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या हे वाद्य शिकल्या आणि फ्रेंच संगीतकारांकडून रचना मागवू लागल्या. देब्यूसीने पैसे आगाऊ घेतले आणि अनेक वर्षं टाळाटाळ केली. शेवटी हाती आला तो, सगळा वाद्यवृंद न मांडता एकाखाली एक तीन-चार स्वरओळींत उतरवलेला, रचनेचा आराखडा. त्याच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रोजे-द्युकासने त्याला वाद्यवृंद दिला. रचना दहा-एक मिनिटांची आहे, सुंदर आहे, आणि सॅक्सोफोन तिच्यात वाद्यवृंदापुढे मिरवण्यापेक्षा त्याच्या आतच जास्त राहतो.

देब्यूसी गेल्यावर वाट मोकळी झाली आणि अवघडही. विचारायला आता कोणी नव्हतं. राव्हेलने १९२२ मध्ये पियानोची 'सराबांद' आणि 'दांस' हे दोन तुकडे घेतले. त्याच वर्षी त्याने मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'लाही वाद्यवृंद दिला. देब्यूसी आणि राव्हेल यांच्यात शेवटच्या वर्षांत सख्य नव्हतं, तरी राव्हेलने देब्यूसीची 'फॉनची दुपार' चार हातांच्या पियानोसाठी उतरवली होती. ध्वनिमुद्रणं घरोघरी पोचण्यापूर्वी वाद्यवृंदाचं संगीत घरी ऐकायचा तोच मार्ग होता. म्हणजे राव्हेल ही वाट दोन्ही दिशांनी चाललेला. त्याच्या 'सराबांद'मध्ये प्रत्येक सूरसमूह इतका स्वच्छ आणि कोरीव येतो की पियानोवरचं धुकं उरत नाही. मला तो राव्हेल जास्त आणि देब्यूसी कमी वाटतो. तरी ऐकावासा वाटतो, कारण देब्यूसीची सूरसमूहांची चाल किती धीट होती, हे त्या स्वच्छतेमुळे उघडं पडतं.

बर्नार्दिनो मोलिनारीने 'आनंदी बेट'ला, तर स्विस कंडक्टर एर्नेस्ट आन्सेर्मेने 'सहा प्राचीन शिलालेख' या चार हातांच्या रचनेला वाद्यवृंद दिला. ही शिलालेखांची रचना मुळात पिएर लुईच्या कवितांच्या वाचनासाठी लिहिलेल्या जुन्या संगीतातून आली आहे. त्यात दोन फ्लूट, दोन हार्प आणि सेलेस्टा हे घंटीसारख्या आवाजाचं पट्ट्यांचं वाद्य, एवढीच वाद्यं होती. म्हणजे वाद्यांकडून पियानोकडे आणि पियानोकडून पुन्हा वाद्यांकडे असा तिचा प्रवास झाला.

आपल्या काळात सर्वांत मोठं काम कॉलिन मॅथ्यूजचं. मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रासाठी त्याने २००१ पासून सुरुवात करून देब्यूसीचे सगळे, म्हणजे २४ प्रेल्यूड वाद्यवृंदात आणले आणि शेवटी स्वतःचा एक समारोपाचा तुकडाही जोडला. काही प्रेल्यूडमध्ये तो मूळ स्वरलिपीला धरून जातो, काहींत बऱ्याच मोकळेपणाने वागतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकतं. मला वाटतं, पियानोवरच जन्मलेलं आणि पियानोवरच पूर्ण असलेलं संगीत उचलायचं असेल तर मॅथ्यूजसारखं उघडपणे उचलावं. अर्धवट अदब दाखवली की संगीत बिचकल्यासारखं वाटतं. मात्र देब्यूसीने अर्धं ठेवलेलं काम पुढे नेताना नियम उलटा आहे. तिथे संयोजकाने दिसूच नये.

हा दुसरा नियम सर्वांत कडक परीक्षा घेतो ती एडगर ॲलन पोच्या कथेवरच्या 'हाउस ऑफ अशर' या ऑपेरात. १९०८ पासून देब्यूसी तिच्यावर काम करत होता. संहिता झाली, संगीताचे कच्चे खर्डे झाले, ऑपेरा झाला नाही. १९७० च्या दशकात हुआन आयेंदे-ब्लिनने उपलब्ध पानं जुळवून वाद्यवृंद दिला. नंतर अभ्यासक रॉबर्ट ऑर्लेजने रिकाम्या जागाही भरून संपूर्ण ऑपेरा केला, आणि २००६ मध्ये तो ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झ महोत्सवात झाला. एकाने सापडलं तेवढंच दाखवलं, दुसऱ्याने रंगमंचावर उभं राहील असं केलं. अभ्यासासाठी मला पहिल्याचा संयम आवडतो. पण रॉडरिक अशरच्या ढासळत्या मनाची गोष्ट अंधाऱ्या सभागृहात पूर्ण पाहायची असेल तर दुसऱ्याला पर्याय नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर 'होडीतून'पासून करा. आधी चार हातांचा पियानो, लगेच ब्यूसेर. तीन-चार मिनिटांचा तुकडा आहे, दोन्ही एका बैठकीत होतात. मग 'जिंबोचं अंगाईगीत' त्याच पद्धतीने. 'बुडालेलं कॅथेड्रल' मात्र स्पीकरवर नको, चांगल्या हेडफोनवर ऐका, कारण तळाचे सूर फोनच्या स्पीकरमध्ये येतच नाहीत आणि इथला सगळा प्रश्न तळाच्या सुरांचाच आहे. 'खामा' आणि 'खेळण्यांची पेटी' मोठ्या रचना आहेत, त्या शेवटी. जाँ मार्तिनॉनने १९७० च्या दशकात फ्रेंच रेडिओच्या वाद्यवृंदाबरोबर यातल्या बऱ्याच रचना ध्वनिमुद्रित केल्या आहेत. युन मार्कल आणि लिओंच्या वाद्यवृंदाचा नॅक्सॉसवरचा संच त्याहून मोठा आहे आणि दुसऱ्यांनी दिलेले वाद्यवृंद त्यात भरपूर आहेत. दोन्हींत 'खामा' आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली तर सुरुवातीच्या त्या ट्रम्पेट किती दूर ठेवायच्या, याबद्दल दोन कंडक्टरांची मतं किती वेगळी असू शकतात तेही कळतं.